चाकांवरच्या घरात टीव्हीचे कपाट

मराठी मध्यमवर्गीय घरात टीव्ही आला तोच मुळी कपाटातून. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्यानंतरची कित्येक वर्षे दिवाणखान्यातल्या कृष्णधवल संचाला लाकडी खोका, पुढे सरकणारी दारे आणि क्वचित कुलूपही असे. मग भिंतभर पसरलेली ‘शोकेस’ आली. मधोमध रंगीत टीव्ही, वर गणपती, बाजूला ट्रॉफ्या आणि काचेमागे कधीही न वापरला जाणारा टी-सेट. पुढे पडदा चपटा झाला आणि टीव्ही थेट भिंतीवर जाऊन बसला. या साऱ्या स्थित्यंतरात एक गोष्ट मात्र कायम गृहीत धरलेली होती, ती म्हणजे भिंत जागची हलत नाही. सुताराने ड्रिलने भोक पाडायचे, प्लास्टिकची गिट्टी ठोकायची, स्क्रू पिळायचा आणि पुढची वीस वर्षे तिकडे पाहायचे नाही.

अमेरिकेत अशी लाखो घरे आहेत, ज्यांच्या भिंती ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने धावतात. ‘रिक्रिएशनल व्हेईकल’ अर्थात ‘आरव्ही’ या नावाने ती ओळखली जातात. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग, सोफा आणि टीव्ही असे सगळे बिऱ्हाड चाकांवर. स्वतःचे इंजिन असलेल्या गाडीला ‘मोटरहोम’ म्हणतात, तर दुसऱ्या वाहनामागे ओढून न्यायचे घर म्हणजे ‘ट्रेलर’. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट शहर आणि त्याचा परिसर ही या उद्योगाची राजधानी मानली जाते आणि अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही याच टापूत तयार होतात. नवी गाडी महाग असल्याने पंधरा-वीस वर्षे जुनी आरव्ही घेऊन ती स्वतःच्या हाताने नीटनेटकी करणाऱ्यांचा वर्ग तिथे मोठा आहे. अशा मालकांच्या हाती येणाऱ्या कामांत टीव्हीचे कपाट बदलणे हे एक ठरलेले काम आहे. वरवर ते सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत आटोपेल असे वाटते. प्रत्यक्षात चालत्या घराचे सगळे गणित या एका कपाटात येऊन बसते.

हे काम निघते कशामुळे, ते आधी पाहू. १९९० च्या दशकातील आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील मोठ्या मोटरहोममध्ये टीव्ही बसवलेला असे तो चालकाच्या डोक्यावर, पुढच्या काचेच्या वरच्या भागात मधोमध. त्या काळचा संच म्हणजे काचेच्या मोठ्या नळीचा, पाठीमागे फुगलेला खोका. एवढी खोली असलेली दुसरी जागा गाडीत नसे. खाली ठेवावा तर पाय ठेवायला जागा उरत नाही, म्हणून तो वर गेला. सत्तावीस इंची संच सहज पस्तीस-चाळीस किलोंचा भरे. म्हणजे तांदळाचे मोठे पोते चालकाच्या माथ्यावर बांधून प्रवास करण्यासारखेच ते होते! १२ जून २००९ रोजी अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले, चपटे संच स्वस्त झाले आणि हे अवजड खोके एकेक करून खाली उतरू लागले.

उतरवणे हे दोन माणसांचे काम आहे. संचाला आतून लाकडी ठोकळे, पत्र्याच्या पट्ट्या आणि बहुधा नजरेआड असलेले दोन-चार स्क्रू धरून ठेवतात. एकट्याने शेवटचा स्क्रू काढला आणि खोका पुढे कलला, तर खाली गाडीचा डॅशबोर्ड आणि त्यावर झुकलेला माणूस असतो. शिवाय चित्रनळीत वायर काढल्यानंतरही काही काळ उच्च दाबाची वीज साठून राहू शकते, म्हणून मागचे झाकण उघडण्याचा मोह टाळावा. नळीच्या काचेत शिसे असते. तेव्हा ती फोडून कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्रावरच द्यावी लागते.

मापाचा घोळ

जुना संच गेला की मागे राहते ते एक खोल, काळोखे भगदाड. ‘सत्तावीस इंची गेला, तिथे बत्तीस इंची बसेल का?’ हा यानंतरचा नेहमीचा प्रश्न. टीव्हीचे इंच कर्णावर मोजतात आणि जुन्या पडद्याचे प्रमाण चारास तीन होते, तर नव्याचे सोळास नऊ आहे. जुना सत्तावीस इंची पडदा सुमारे ५५ सेंटीमीटर रुंद आणि ४१ सेंटीमीटर उंच असे. नवा बत्तीस इंची पडदा ४० सेंटीमीटर उंच, पण ७१ सेंटीमीटर रुंद. उंचीला तो नेमका बसतो आणि रुंदीला वीतभराने आडवा येतो. म्हणून एकतर भोकाच्या पुढे, चौकटीवर टीव्ही बसवावा लागतो किंवा बाजूच्या कपाटाचे काही सेंटीमीटर बळी द्यावे लागतात. बाजूचा उभा फळा कापण्यापूर्वी तो छताचा भार पेलणारा तर नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. अनेक गाड्यांत वरच्या कपाटांच्या उभ्या फळ्या आणि छताची चौकट एकमेकांना धरून असतात.

अनेक मालक यातून एक सुबक मार्ग काढतात. भगदाडाला नवे दार करायचे, टीव्ही त्या दाराच्या पुढच्या बाजूस बसवायचा आणि दार वर उचलले की मागची सारी खोली सामानाला मोकळी. पांघरुणे, उशा, पत्त्यांचे जोड तिथे मावतात. मोटारीच्या डिकीचे झाकण तोलून धरणाऱ्या असतात तशा गॅसच्या दांड्या या दाराला लावतात. कल्पना चांगली आहे, पण या दांड्या थंडीत मंदावतात आणि काही वर्षांनी ढिल्या पडतात. त्या दार उघडे धरण्यासाठी आहेत, बंद ठेवण्यासाठी नाहीत. प्रवासात दार मिटून धरायला दोन्ही बाजूंना दाबल्याशिवाय न सुटणाऱ्या पक्क्या कड्याच हव्यात.

भिंत कुठे आहे?

कामाचा गाभा इथून सुरू होतो. आरव्हीची भिंत पाहायला घरासारखी दिसते. वर वेलबुट्टीचा कागदही असतो. त्या कागदामागे असते जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचे प्लायवूड. त्याच्यामागे थर्माकोलसारख्या फोमचा किंवा काचलोकरीचा थर आणि त्यापलीकडे बाहेरचा पत्रा अथवा फायबरग्लास. सगळी मिळून भिंत चार-पाच सेंटीमीटरची. भार घेण्याची ताकद असते ती अधूनमधून येणाऱ्या लाकडी पट्ट्यांत किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांत. बाकी सगळा पडदाच म्हणायचा. त्या तीन मिलिमीटरच्या पापुद्र्यात स्क्रू पिळला तर तो छान घट्ट लागतो, टीव्ही टांगला तर टांगलाही जातो आणि पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर भोकांचा भुगा होऊन तो खाली येतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे सापळा शोधणे. नेहमीच्या अमेरिकन घरात भिंतीतले लाकडी खांब साधारण चाळीस सेंटीमीटरवर ठरलेले असतात, त्यामुळे एक सापडला की बाकीचे मोजून काढता येतात. आरव्हीत असा नेम नाही. खिडकी, दार, वायुमार्ग यांच्या सोयीने चौकट कुठेही सरकलेली असते. बोटांनी ठोकत गेल्यास पोकळ आवाज जिथे बद्द होतो तिथे काहीतरी भरीव आहे, हे आपल्याकडच्या सुतारालाही ठाऊक असते. लाकडी पट्टी असेल तर प्लायवूड तिला पिनांनी ठोकलेले असते, त्यामुळे लहानसे लोहचुंबक भिंतीवरून फिरवले की ते पिनांपाशी अडते. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तिथे घनता ओळखणारे छोटे यंत्र वापरावे लागते. काही कंपन्या कारखान्यातच टीव्हीसाठी ठरलेल्या जागी भिंतीच्या आत जाड प्लायवूडचा किंवा धातूचा तुकडा घालून ठेवतात. त्याची जागा गाडीच्या नकाशात असते. असा तुकडा आहे का, हे कंपनीला गाडीचा क्रमांक कळवून विचारणे हा पुष्कळांना न सुचणारा आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सापळा हवा तिथे नसेल तर भार पसरवावा लागतो. निदान दोन पट्ट्यांपर्यंत पोहोचेल एवढा रुंद, बारा मिलिमीटर प्लायवूडचा फळा भिंतीला लावायचा आणि टीव्हीची लोखंडी पट्टी त्या फळ्यावर बसवायची. फळा दोन्ही पट्ट्यांत स्क्रूने आणि मधल्या भागात बांधकामाच्या डिंकाने धरतो. येथे एक चूक हटकून होते. डिंक भिंतीवरच्या कागदावर लावला जातो. मग डिंक कागदाला घट्ट धरतो, पण कागद भिंतीला धरत नाही! फळा बसेल तेवढ्या भागातला कागद खरवडून लाकूड उघडे करावे लागते. डिंकही वाळून काचेसारखा कडक होणारा नको, थोडी लवचीकता राखणारा हवा, कारण गाडी चालताना भिंत पिळवटत असते.

स्क्रूची लांबी हा वेगळाच विषय आहे. घराच्या भिंतीत लांब स्क्रू म्हणजे अधिक खात्री. इथे लांब स्क्रू म्हणजे बाहेरच्या बाजूने फायबरग्लासमधून डोकावणारे टोक आणि त्या टोकाच्या कडेने आत झिरपणारे पावसाचे पाणी. आरव्हीचा सर्वांत मोठा शत्रू पाणीच. आतल्या आत प्लायवूड कुजत जाते आणि भिंतीला फुगवटा आल्यावरच कळते. म्हणून भोक पाडण्यापूर्वी ड्रिलच्या पात्यावर हव्या त्या खोलीला चिकटपट्टीची खूण करतात. अ‍ॅल्युमिनियमची नळी असेल तर तिची धातू इतकी पातळ असते की साधा स्क्रू कंपनांनी हळूहळू आटे खातो. तिथे भोकात आतून फुगून बसणारे रिव्हेटचे नट घालून त्यात बोल्ट पिळणे अधिक भरवशाचे. ठोकाठोक सुरू करण्याआधी त्या भागातून वायर जात नाही ना, याची खात्री करून घेणे, हे वेगळे सांगायला नको.

भार आणि झटका

‘पाच किलोचा तर टीव्ही, त्याला एवढा थाटमाट कशाला?’ हा प्रश्न साहजिक आहे. पण वजन आणि भार यांत फरक आहे. टीव्ही भिंतीलगत न लावता पुढे ओढता येणाऱ्या लोखंडी बाहूवर लावण्याची पद्धत आता रूढ आहे, कारण तो पलंगाकडे आणि सोफ्याकडे दोन्हीकडे वळवता येतो. पाच किलोचा संच अर्धा मीटर बाहेर ओढलेल्या बाहूवर आहे आणि भिंतीवरची पट्टी २० सेंटीमीटर उंच आहे असे धरू. शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमाने वरच्या स्क्रूंना भिंतीबाहेर खेचणारा जोर साडेबारा किलोंचा येतो. हा झाला गाडी उभी असतानाचा हिशेब. चाक खड्ड्यात आपटून वस्तूचा भार क्षणभर तिप्पट झाला, तर तोच जोर साडेसदतीस किलोंवर जातो. असे झटके दिवसात एकदा नव्हे, हजारो वेळा बसतात. आरव्हीचा प्रवास म्हणजे घरात सतत चाललेला छोटा भूकंप, असे तिथले जुने मालक म्हणतात, त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. यासाठीच प्रवासात बाहू पूर्ण मिटवून खिळीने बंद करतात. आरव्हीसाठीच्या बाहूंना अशी खिळी मुळातच दिलेली असते. कित्येक जण तर दूरच्या प्रवासात टीव्ही काढून गादीवर पालथा ठेवतात. शेवटी पडदा काचेचाच.

जोरात ब्रेक मारल्यावर वस्तू पुढे झेपावते ती साधारण स्वतःच्या वजनाच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश जोराने. हे बहुतेक सांधे सोसतात. अपघातात मात्र चित्र पालटते. ताशी ५० किलोमीटरचा वेग एक दशांश सेकंदात शून्यावर आला, तर प्रत्येक वस्तू स्वतःच्या वजनाच्या सुमारे चौदापट जोराने पुढे जाऊ पाहते. पाच किलोच्या टीव्हीचा जोर सत्तर किलोंचा होतो. आणि ज्या कपाटावर तो आहे, ते वीस किलोचे असेल तर त्याचा जोर दोनशे ऐंशी किलोंचा! टीव्हीपेक्षा कपाटाकडे अधिक लक्ष द्यायचे ते या कारणाने. जुन्या जागेवर, म्हणजे चालक आणि शेजारी बसणारी व्यक्ती यांच्या डोक्यावर ही वस्तू असणार असेल, तर चौकटीत न अडकलेला एकही स्क्रू जमेस धरता कामा नये.

लाकूड कोणते?

दुकानात तयार मिळणारे टीव्हीचे कपाट बहुधा एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे असते. घरात ते चालते. आरव्हीत त्याला दोन हरकती आहेत. अठरा मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचे वजन दर चौरस मीटरला तेरा-चौदा किलो भरते, तर बारा मिलिमीटरच्या हलक्या प्लायवूडचे सहा-सात किलो. सोफ्यासमोरच्या साध्या कपाटाला तीन चौरस मीटर फळ्या लागल्या, तरी एमडीएफचे कपाट चाळीस किलोंचे आणि प्लायवूडचे वीस किलोंचे. म्हणजे जुना खोकेवजा टीव्ही काढून वाचवलेले वजन एमडीएफच्या कपाटाने परत गाडीत आणून बसवले. दुसरे असे की, भुशाच्या फळीत कडेने घातलेला स्क्रू कंपनांत टिकत नाही आणि एकदा ओल लागली की ती पावासारखी फुगते.

प्रत्येक आरव्हीला किती भार वाहता येईल याची मर्यादा ठरलेली असते आणि ती लिहिलेली चिकटपट्टी दाराजवळ किंवा चालकाच्या बाजूला असते. कपडे, भांडी, पाणी, सायकली, माणसे सगळे त्यात मोजायचे. ओढून न्यायच्या ट्रेलरमध्ये भाराची जागाही महत्त्वाची. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या हुकावर यावा, असा संकेत आहे. जड कपाट चाकांच्या मागे, शेवटच्या भिंतीला लावले तर तो भार कमी होतो आणि महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. ट्रेलरचे असे झोके घेणे हे उलटण्याचे एक मोठे कारण असते, तेव्हा ही बाब केवळ सोयीची नव्हे.

फळ्यांच्या निवडीत आणखी एक पदर आहे. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळानंतर बेघर झालेल्यांना अमेरिकी सरकारने राहण्यासाठी ट्रेलर दिले. त्यांत राहणाऱ्यांना डोळे चुरचुरणे, श्वासाचा त्रास अशा तक्रारी होऊ लागल्या आणि २००८ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी चाचण्यांत हवेत फॉर्मल्डिहाइडचे प्रमाण जास्त आढळले. फळ्या चिकटवण्याच्या डिंकातून हा वायू येत असतो. २०१० मध्ये अशा फळ्यांतून येणाऱ्या फॉर्मल्डिहाइडवर मर्यादा घालणारा कायदा झाला. वीस-पंचवीस चौरस मीटरच्या बंद घरात नवे कपाट बसवताना कमी फॉर्मल्डिहाइडचा शिक्का पाहून फळी घ्यावी आणि पहिले काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हा त्यातून आलेला व्यवहारी धडा.

जोडणीत खिळ्यांपेक्षा डिंक आणि स्क्रू यांची जोडी बरी. आतल्या प्रत्येक कोपऱ्यात चौकोनी पट्टी लावली की कपाट पिळवटत नाही. दारांना घरात असते तशी चुंबकाची पकड उपयोगाची नाही, पहिल्याच वळणावर दारे टाळ्या वाजवू लागतात. फळ्यांना पुढे तीन-चार सेंटीमीटरचा काठ ठेवावा. जहाजावरच्या मांडण्यांना असतो तसा. शक्य तिथे कपाट भिंतीला लटकते न ठेवता जमिनीवर उभे करून, जमीन आणि भिंत दोन्हींना बांधतात. जमिनीत स्क्रू घालताना मात्र खाली पाण्याच्या टाक्या, नळ, गॅसची नळी आणि वायरी धावत असतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

ओळंब्याचा येथे काहीच उपयोग होत नाही, ही गोष्ट गमतीची वाटेल. गवंडी आणि सुतार यांचा सारा विश्वास ओळंब्यावर आणि पाणसळीवर. पण अंगणात उभी आरव्ही स्वतःच एका बाजूला कललेली असते. पाणसळ लावून अगदी समपातळीत बसवलेले कपाट, गाडी सपाट जागेवर नेल्यावर वाकडे दिसू लागते. म्हणून गाडीत मापे घ्यायची ती तिच्याच जमिनीपासून आणि छतापासून. तीही दोन्ही टोकांना, कारण जुन्या गाडीत जमीन व छत समांतर असतीलच असे नाही. काही आरव्हींत बैठकीचा भाग खणासारखा बाहेर सरकतो आणि मुक्कामी जागा वाढते. अशा गाडीत कपाटाचे माप खण आत घेतलेल्या स्थितीत घ्यायचे. खण बाहेर असताना ऐसपैस दिसलेले कपाट, निघायच्या वेळी समोरच्या ओट्यावर आदळल्याच्या कथा पुष्कळ ऐकायला मिळतात.

विजेचा हिशेब

कपाट उभे राहिले की वायरीचा प्रश्न. आरव्हीत दोन प्रकारची वीज नांदते. मुक्कामाच्या तळावर खांबावरून येणारी १२० व्होल्टची आणि एरवी बॅटरीची १२ व्होल्टची. तळावर राहणार असाल तर घरातला साधा टीव्हीही चालतो. रानात, खांबाविना राहायचे असेल तर १२ व्होल्टवर चालणारा संच सोयीचा. बत्तीस इंची संच साधारण ४० वॅट घेतो असे धरले, तर १२ व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. चार तास पाहिला की बॅटरीतले तेरा अँपिअर-तास गेले. शंभर अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीतून तिचे आयुष्य राखायचे तर निम्मेच वापरावे, असे मानतात. म्हणजे पंपाला, दिव्यांना आणि थंडीत हीटरच्या पंख्याला वाटणी करून टीव्हीच्या वाट्याला एक संध्याकाळ येते. इन्व्हर्टरमधून साधा टीव्ही चालवला तर रूपांतरात आणखी काही वीज वाया जाते आणि टीव्ही बंद असला तरी इन्व्हर्टर थोडीथोडी खात राहतो.

१२ व्होल्ट हे नावापुरतेच १२ असतात. बॅटरी उतरल्यावर ते साडेअकराच्या खाली जातात आणि चार्ज होताना साडेचौदाच्या घरात पोहोचतात. टीव्ही हा चढउतार सोसणारा आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर मध्ये दाब स्थिर ठेवणारे छोटे यंत्र बसवावे. वायर बारीक घेतली तर कमी दाबाच्या विजेत वाटेतच घट होते आणि वायर तापते. प्रत्येक नव्या वायरीला, ती जिथून निघते त्या टोकाजवळ फ्यूज हवाच. लाकडी कपाटातून जाणाऱ्या वायरीला भोकाच्या कडेला रबरी कडे घालतात, नाहीतर कंपनांनी तिचे वेष्टन घासत जाते. मागच्या फळीत वर-खाली हवेसाठी झरोके हवेत. बंद कपाटात टीव्ही, डिश अथवा इंटरनेटचा डबा आणि इन्व्हर्टर एकत्र कोंडले तर तिथे छोटी भट्टीच तयार होते.

अलीकडे कपाटात टीव्हीखाली शोभेची विजेची शेकोटी बसवण्याची टूम आहे. काचेमागे ज्वाळांचे चित्र नाचते आणि खालून १५०० वॅटचा हीटर गरम हवा सोडतो. दिसते झकास, पण १२० व्होल्टवर ती एकटी साडेबारा अँपिअर खाते. लहान आरव्हीचे एकूण जोडणीचे सामर्थ्य ३० अँपिअर. शेकोटी, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवायचा बंब एकदम लावले की गाडीत अंधार! गरम हवा वरच्या टीव्हीच्या तळाशी लागत नाही ना, तेही पाहावे लागते.

जुन्या कपाटाच्या आसपास काय काय आहे, त्याची नोंद घेतल्याशिवाय नव्या कपाटाची जागा ठरवू नये. तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट टीव्हीच्या लगेच वर आला तर टीव्हीच्या उष्णतेने तो फसतो आणि बाकीचे घर गारठलेले असताना हीटर बंद करतो. जमिनीलगत असलेली जाळी बहुधा हीटरची किंवा गॅसगळती ओळखणाऱ्या यंत्राची असते. आरव्हीतला प्रोपेन वायू हवेपेक्षा जड असल्याने हे यंत्र मुद्दाम खाली बसवलेले असते. कपाटाच्या मागे ते झाकले गेले तर टीव्हीच्या नादात घराने आपला पहारेकरीच गमावला.

चालकाच्या समोर किंवा डोक्यावर असलेल्या टीव्हीबाबत आणखी एक सावधगिरी आहे. पुष्कळ मोटरहोममध्ये गाडीची किल्ली फिरवताच पुढच्या टीव्हीची वीज आपोआप तुटते, अशी योजना असते. चालकाला चालू पडदा दिसू नये, हा तिचा हेतू. जुना संच काढताना ही वायर ‘कशाची ती कळत नाही’ म्हणून कापून टाकणारे आढळतात. मुलांना मागे चित्रपट पाहायचा असेल, तर मागच्या भागात वेगळा पडदा लावणे, हाच योग्य मार्ग.

मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या मराठी आई-वडिलांच्या उन्हाळी कार्यक्रमात भाड्याची आरव्ही आता अनोळखी राहिलेली नाही. इकडे महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले. चित्रीकरणाच्या जागी उभ्या असणाऱ्या ‘व्हॅनिटी व्हॅन’मुळे चालत्या गाडीत कपाट, आरसा आणि टीव्ही बसवणारे कारागीर मुंबईत आधीपासून आहेतच. मात्र व्हॅनिटी व्हॅन बहुतांश वेळ उभी असते आणि आत माणसे बसतात ती ती थांबल्यावर. कुटुंबाने प्रवास करायच्या गाडीला तोच मापदंड लावता येणार नाही. आपल्याकडचे गतिरोधक पाहता झटक्यांचा हिशेब अमेरिकेपेक्षा वाढवूनच धरावा लागेल. शिवाय नोंदणीत लिहिलेल्या रचनेत मनाने बदल करण्यास मोटर वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते. हाती करवत घेण्याआधी त्याचा विचार केलेला बरा.

काम पूर्ण झाले असे समजून कोणी लगेच हजार किलोमीटरच्या दौऱ्यावर निघत नाही. आधी टीव्ही न लावता, कपाटात तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या घट्ट बांधून पन्नासेक किलोमीटरची फेरी मारतात. त्यापूर्वी प्रत्येक स्क्रूच्या माथ्यावरून बाजूच्या लाकडावर येईल अशी शाईची एकेक रेघ ओढून ठेवतात. परतल्यावर रेघ मोडलेली दिसली की तो स्क्रू फिरला, हे उघड. आवाज कुठून येतो ते ऐकायला मागे एकाला पट्टा बांधून बसवतात, कारण चालकाला सगळे कपाट एकाच सुरात कुरकुरल्यासारखे वाटते. दुसऱ्या फेरीनंतर टीव्ही चढतो. छतावर वटवाघळाच्या पंखांसारखा, आतल्या दांड्याने वर-खाली करायचा अँटेना असेल तर तळावर पोहोचल्यावर तो वर करून वाहिन्या शोधायच्या. आणि निघताना तो उभाच राहून पहिल्या झाडाला अडकू नये म्हणून अनेक चालक अँटेना वर करताच सुकाणूच्या चाकाला एक लाल फडके बांधून ठेवतात. अँटेना खाली घेतल्याशिवाय ते सोडायचे नाही.